अमुकस्थानचा वरणभात पक्ष

इथे ओमानमधल्या इब्रात खारीक उकळायला लागली की माझंही डोकं उकळायला लागतं. दर उन्हाळ्याला हेच. बागांमध्ये मोठाल्या तांब्याच्या कढया चुलीवर चढतात, त्यात पिवळेधमक खजूर रटरटतात आणि मग भर उन्हात पसरून वाळवतात. तो गोडसर, किंचित जळका वास वाऱ्याबरोबर आमच्या गल्लीत येतो. हीच खारीक पुढे आपल्याकडे जाते, ओटीत पडते, बाळंतिणीच्या लाडवात कुटली जाते. श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात माझ्या लग्नात ताटं भरून खारका आल्या होत्या, त्यातल्या निम्म्या इथल्याच असतील. लोकांना हा वास आला की लग्नकार्य आठवतं. मला सुधीर पाटणकर आठवतात, आणि दातावर दात बसतात.

यंदा तर त्या वासाबरोबर मेधावहिनींचा फोनच आला. मेधावहिनी म्हणजे पाटणकरांची बायको. "नसीमभाभी, आम्ही चाललो कायमचे पुण्याला. शुक्रवारी सगळे मिळून जेवण देतायत. यांच्याबद्दल तुम्ही दोन शब्द बोला ना. तुमच्याइतकं जुनं कोण आहे आता इथे?"

"बोलते की," मी म्हटलं. "न बोलायला काय झालं?"

फोन ठेवला तर समोर मुनीर, माझा नवरा, दुकानातून जेवायला आलेला. दिशदाशा, म्हणजे इथल्या पुरुषांचे पायघोळ झगे, शिवून देण्याचं आमचं दुकान आहे सूकच्या, इथल्या बाजाराच्या, तोंडाशी. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस, चेहऱ्याचंही माप घेतो. म्हणाला, "नसीम, हे जे तू हसतेयस ना, ते मला बरं दिसत नाही."

"तुम्हाला बरं दिसावं म्हणून हसत नाहीये मी," मी म्हटलं, आणि त्याला आमटी वाढली.

गोष्ट बारा-पंधरा वर्षांपूर्वीची. तो उन्हाळा आमचा सगळ्यांचा अडकलेला उन्हाळा होता. जूनमध्ये शाळा बंद झाल्या की इथली भारतीय घरं रिकामी होतात, बायका-मुलं गावाला जातात. त्या वर्षी कुणाची रजा मंजूर झाली नव्हती, कुणाचं तिकीट परवडत नव्हतं, कुणाचा व्हिसा नूतनीकरणात होता. इब्रासारख्या गावात मराठी घरं ती किती! बाहेर पाऊल टाकवत नाही, रस्त्यावरचा वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा. आमच्या घरातली पुढची खोली मोठी, एसी दणकट आणि गालिचा ऐसपैस, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमायचे.

जमले की काय करायचं? पुरुष माणसं, मराठी माणसं, राजकारणाशिवाय घास उतरत नाही. पण इथे परक्या मुलखात राहून इथल्यावर बोलायचं नसतं, एवढी अक्कल सगळ्यांना होती. आणि तिकडचं काढलं की चहा निवायच्या आत भांडण. एकदा तर सावंतभाऊ चप्पल घालून निघालेच होते. सावंत म्हणजे वर्कशॉपमधले फोरमन, मूळचे कुडाळकडचे, आवाज असा की शेजारचा अरबी म्हातारा दार उघडून बघायचा. तेव्हा पाटणकरांनी तोड काढली. पाटणकर रस्त्याच्या कंत्राटदाराकडे इंजिनिअर, बोलणं गोड, कपाळाला आठी म्हणून नाही. म्हणाले, "आपण तिसराच देश काढू. नाव अमुकस्थान. तिथे काय भांडायचं ते भांडा."

अहो, काय रंगला तो देश! मतदान करून कित्येक वर्षं झालेली माणसं ती. तिकडे नाव यादीत असलं तरी जाणार कोण, आणि इथे आम्ही पाहुणे. मत द्यायची खाज अंगात तशीच राहिलेली. अमुकस्थानला समुद्र होता, डोंगर होता, विजेची टंचाई होती, आणि लगेच तीन पक्ष झाले. सावंतांचा 'सगळं बदला पक्ष'. दुसरा 'जुनंच बरं पक्ष'. आणि मधला एक 'उदार मध्यममार्गी पक्ष', तो कुणालाच नको होता. त्यात ओरडायला मिळत नव्हतं ना! म्हणून तो आम्हा बायकांना दिला. उरलेलं बायकांना द्यायची आपल्याकडे पद्धतच आहे, भाकरी असो की पक्ष असो.

सावंतांनी लगेच बारसं केलं. "वरणभात पक्ष! तिखट नाही, मसाला नाही, कुणाच्या पोटाला बाधायचा नाही."

मी पुढे झाले. "सावंतभाऊ, आमच्या घरात वरणभात कुणाला देतात माहीत आहे? ताप आलेल्याला. तुमच्या दोन पक्षांनी देशाला ताप आणलाय, आता आमच्याशिवाय आहे कोण?" टाळी पडली, आणि मी पक्षाची अध्यक्ष झाले. मेधावहिनी म्हणाल्या, मला बोलता येत नाही, मी नुसती बसते. मग बळ कमी पडतं म्हणून पाटणकर आमच्याकडे आले. उपाध्यक्ष म्हणून. तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं!

मुनीर सभापती, कारण तो एरवी बोलत नाही. खलबत्त्यातला दस्ता घेऊन पाटावर आपटायचा, "यल्ला, बसा खाली! भाभी बोलतायत." स्वतःच्या बायकोला भाभी म्हणायचा सभागृहात, म्हणे नियम आहे. मुलं दाराशी बसून खिदळायची. आमची सना तेव्हा चौथी-पाचवीत असेल. त्या मुलांचं आपसात सगळं इंग्रजीत चाललेलं, निम्मं त्यांना कळायचंही नाही, पण दस्ता आपटला की खूश.

आता कुणी म्हणेल, खेळ तो खेळ. पण मी आठवी-नववीपासून शाळेत वक्तृत्वाला जायची. मराठी शाळा, मराठी बाई, 'नसीम मुकादम' असं नाव पुकारलं की मी चढलेच मंचावर. लग्न झालं, इकडे आले, आणि मग वीस माणसांना जेवायला हाक मारणं सोडलं तर माझं कुणी काही ऐकलं नव्हतं. त्या गालिच्यावर उभी राहिले आणि घशात अडकलेलं काहीतरी सुटलं. तुम्हाला हसू येईल, पण मी दिवसभर कालवण ढवळताना अमुकस्थानच्या वीजदराचा विचार करायची.

मग एका शुक्रवारी ते विधेयक आलं. बाहेरून आलेला माणूस किती वर्षांनी आतला समजायचा? सावंत म्हणाले, पाय ठेवला की आतला. जुनंच बरंवाले म्हणाले, सात पिढ्या गेल्या तरी नाही. दस्ता आपटून आपटून मुनीरचा हात दुखला. शेवटी मी उठले.

मी म्हटलं, "तुम्ही दोघं वर्षं मोजताय. वर्षं मोजू नका. गावात मयत झालं की ज्याच्या घरातून खांदा द्यायला माणूस निघतो, तो आतला. मग तो काल आला असो की परवा." त्या खोलीतल्या प्रत्येकाला आपण कुठे मरू याची धास्ती होती, ती काय मला ठाऊक नव्हती? मग सावंत म्हणाले, "पण भाभी, तुमचा पक्ष कुंपणावरच बसणार ना?" मी म्हटलं, "कुंपणावर बसणारा दोन्हीकडचे आंबे खातो, सावंतभाऊ. मध्ये उभा राहणारा दोन्हीकडचे दगड खातो. फरक ओळखा."

ते दोन वाक्यांचं बोलणं माझं होतं. माझ्या तोंडून, माझ्या घरात, सगळ्यांच्या देखत निघालेलं. विधेयक मंजूर झालं, मेधावहिनी रडल्या, आणि मी आत जाऊन भजी तळली.

खेळाची बातमी मस्कतपर्यंत गेली. तिकडे ठिकठिकाणच्या मराठी लोकांचा एक कार्यक्रम व्हायचा होता, त्यात आमचं सभागृह मंचावर करा असा निरोप आला. मी हिरवी साडी इस्त्री करून ठेवली. सनाला दहा वेळा भाषण म्हणून दाखवलं असेल. ती आपली गेममध्ये डोकं घालून, "येस अम्मी, नाइस अम्मी."

मस्कतला जाताना वाटेत पेट्रोलपंपावर थांबलो. पाटणकर चहाचे कप घेऊन आले. आवाज एकदम मऊ. "भाभी, एक जरा अडचण झाली आहे. कार्यक्रम करणाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं पडलं, अध्यक्ष म्हणून भाभी नकोत. मराठी कार्यक्रम आहे, लोक काय म्हणतील, वातावरण कसं आहे... मला पटलं नाही हं. मी वाद घातला."

"मग?"

"मग मी मधला मार्ग काढला. भाषण तुमचंच राहील. फक्त मी करेन. आणि मी मंचावरून तुमचं नाव घेईन, शब्द देतो."

मुनीरनं माझ्या हातावर हात ठेवला. मी काय करणार होते? मागच्या गाडीत सगळी मुलं, सगळे डबे. मी म्हटलं, "इन्शाल्ला." आमच्यात हा शब्द कधी कधी नको म्हणायलाही वापरतात, पण ते त्यांना कसं कळणार.

सभागृह भरलेलं. मी तिसऱ्या रांगेत, हिरव्या साडीत. पाटणकर उभे राहिले आणि माझं वाक्य न् वाक्य, माझ्या थांबण्यासकट, माझ्या हात वर करण्यासकट बोलले. मयताचा खांदा आला तेव्हा लोकांनी डोळे पुसले. आंबे आणि दगड आले तेव्हा लोक उभे राहिले. माझ्या शेजारची एक बाई, ओळख ना पाळख, मला कोपर मारून म्हणाली, "काय बोलतो हो माणूस!" आणि मग त्यांनी नाव घेतलं. अगदी शब्दाला जागून घेतलं. म्हणाले, "आणि आमच्या नसीमभाभी! यांच्या चहाशिवाय हा पक्ष उभाच राहिला नसता."

चहा. हशा पिकला, टाळ्या पडल्या, कुणीतरी मागे वळून माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले. या अल्ला, ते हात मी का जोडले याचा राग मला अजून आहे, पण तो पाटणकरांच्याच खात्यावर.

परतीच्या गाडीत भाषणाचा विषय कुणीच काढला नाही. सगळ्यांना माहीत होतं भाषण कुणाचं. सावंतांना माहीत होतं, जुनंच बरंवाल्यांना माहीत होतं, मेधावहिनी तर तेच ऐकून रडलेल्या. पण 'जाऊ दे' या दोन शब्दांत आपली माणसं मुडदासुद्धा लपवतील. मुनीरही म्हणाला, जाऊ दे. म्हणाला, सनाला सांगू नकोस, पाटणकरांची मुलं तिच्याच शाळेत आहेत, पोरांत तेढ नको. ते मी ऐकलं.

अमुकस्थान त्याच आठवड्यात बुडालं. पुढच्या शुक्रवारी मी दार उघडलं नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. पाटणकर मात्र तरंगले. सूत्रसंचालन पाटणकर, सत्कार पाटणकर, कुणाची साठी असली तरी दोन शब्द पाटणकर. निझवापासून मस्कतपर्यंत बोलावणी. आंबे आणि दगड हे वाक्य सुप्रभातच्या फुलांवर छापून माझ्याच मोबाईलवर यायचं, खाली 'सु. पाटणकर'. मी ते पुसायचे, ते पुन्हा यायचं.

आणि एक दिवस सना शाळेतून कप घेऊन आली. मराठी वक्तृत्वाचा, बाई! मी तिला छातीशी धरलं, म्हटलं काय बोललीस गं? म्हणाली, "अम्मी, मी ते पाटणकर अंकलचं क्वोट घेतलं. स्टोन्सवालं. जजला खूप आवडलं." माझ्या लेकीनं माझंच वाक्य मला पाहुण्यासारखं आणून दाखवलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. त्या दिवशी मी ठरवलं, माफ करायचं नाही. लोक ठरवतात माफ करायचं, मी उलटं ठरवलं.

मग मी काय काय नाही केलं मनात! नमाज आटोपून दुआ मागताना हा माणूस मध्ये यायचा, मी तोबा तोबा करायची आणि पुन्हा तिथेच. जुलैत, भर दुपारी, कुठल्याही गावापासून लांब, याच्या गाडीचा एसी बंद पडो. याच्या माइकची बॅटरी नेमकी टाळीच्या वाक्याला जावो. पुण्याला याला असा शेजारी मिळो की जो याच्यापेक्षा गोड बोलतो. ईदला मी त्यांच्याकडे शीरखुर्मा पाठवत राहिले, दिवाळीला त्यांच्या चकल्या खात राहिले. तेवढं बंद करणं मला कमीपणाचं वाटलं असतं. राग असा वरणासारखा मंद आचेवर ठेवला की करपत नाही आणि उतूही जात नाही.

एक मात्र खरं सांगते. मला त्या पक्षाचा राग कधीच आला नाही. मी आजही त्याच पक्षाची आहे. मधला मार्ग वाईट नसतो हो. पण तो दोघांच्या भांडणात काढायचा असतो. एकाला दाराबाहेर ठेवायचं आणि उरलेल्यांनी आत बसून समजूत घालून घ्यायची, त्याला मार्ग नाही म्हणत. पाटणकरांनी माझा पक्षसुद्धा चोरला आणि चोरून भलतंच काहीतरी करून टाकला, हे मला भाषणापेक्षा जास्त लागलं.

तर परवाचा शुक्रवार. जुम्मा झाल्यावर हॉटेलातल्या फॅमिली रूममध्ये जेवण. सना मस्कतजवळ अल खौदला नोकरीला असते, ती खास मला न्यायला आली होती, कारण जेवण झालं की मी तिच्याकडे आठ दिवस राहायला जाणार होते. मी हिरवी साडीच नेसले. सावंत आता पांढरे झालेत पण आवाज तोच. पाटणकरांच्या गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. बोलावलं, "नसीमभाभी, दोन शब्द."

मी उठले. शांत, एकदम शांत.

"पाटणकरभाऊ उत्तम वक्ते आहेत असं बरेच जण म्हणतात," मी सुरुवात केली. "काही जण म्हणतात, ते उत्तम पाठांतर करतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे." हशा. पाटणकरही हसले. "त्यांचं ते आंब्यांचं आणि दगडांचं वाक्य त्यांचं आहे असं सगळ्या मस्कतला वाटतं. माझ्या पुढच्या खोलीतल्या गालिच्याला वाटतं, ते माझं आहे. आता मी पडले मधल्या पक्षाची, एकदम कुणाला खोटं कसं म्हणू?" आता हशा निम्माच आला. "म्हणून त्यांच्याच पद्धतीनं तोड काढते. शब्द माझे, तोंड त्यांचं, आणि चहा, तो तर त्यांनी माझा मानलाच आहे. पाटणकरभाऊ, सुखाने जा. माझी तेवढी दोन वाक्यं इथे ठेवून जा, मला रोज लागतात."

सावंत पुटपुटले, "भाभी, म्हणजे ते खरंच..."

"सावंतभाऊ, तुम्ही समोर बसला होतात. प्रश्न तुमचाच होता," मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली, आणि तो आवाज मी पहिल्यांदा बंद पडलेला बघितला. मी बसले आणि बिर्याणी घेतली. दोनदा घेतली.

हात धुवायला गेले तर पाटणकर मागे आले. हार काढून हातात धरलेला. "सगळ्यांसमोर, भाभी?"

"घेतलंत सगळ्यांसमोर. मग परत काय स्वयंपाकघरात मागू?"

"माझा नाइलाज होता. नाही म्हटलं असतं तर कार्यक्रमच गेला असता. निदान तुमचा विचार तरी लोकांपर्यंत पोचला."

"विचार पोचला, आणि मी तिसऱ्या रांगेत राहिले. तुम्हाला एकच शब्द बोलायचा होता त्या माणसाला. 'मग आम्ही येत नाही.' बास."

त्यांनी हार बेसिनच्या कडेवर ठेवला. मग म्हणाले, "चुकलं. जाताना तरी माफ करा."

माणूस खरंच पडलेला दिसत होता, खोटं नाही बोलणार. मेधावहिनी दाराशी उभ्या, डोळे पुसत. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी टॉवेलला हात पुसले आणि म्हटलं, "नाही. प्रवास सुखाचा होवो, मुलांना दुआ सांगा. पण माफ नाही केलं."

सूड घेऊन काही मिळत नाही असं म्हणतात. ज्यांनी कधी घेतला नाही, ते म्हणत असतील. मला तर हॉटेलातून बाहेर पडताना तेवढ्या उन्हातसुद्धा गार वाटत होतं.

गाडीत सनाचे ओठ नुसते हलत होते. ती मराठी बोलताना आधी मनात जुळवते, मला ते तिच्या ओठांवरून कळतं. डोंगर मागे पडले, रस्ता सरळ झाला, आणि मग म्हणाली, "अम्मी, ते... मी ते बोलून कप आणला होता. तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुझ्या अब्बांनी नको म्हटलं. आणि मी ऐकलं."

तिनं गाडी बाजूला घेतली, थांबवली, माझ्याकडे वळली. रागानं लाल झालेली. माझाच चेहरा, माझ्याच नाकपुड्या. "आणखी काय काय तुझं आहे," ती एकेक शब्द शोधत म्हणाली, "जे मला दुसऱ्यांच्या नावानं माहिती आहे?"

मी सीटवर नीट मांडी घालून बसले. "गाडी हळू चालव," मी म्हटलं, "नाहीतर सगळं सांगून व्हायच्या आत मस्कत येईल."